‘ग’ गाईचा नको, गवताचा हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जून उजाडला की बडोद्यातल्या मराठी घरांत भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लागतो. वर अ अननसाचा, खाली ज्ञ ज्ञानेश्वरांचा. दिवाळीपर्यंत मूल तो घडाघडा म्हणू लागते, पाहुण्यांना म्हणून दाखवते. त्याच मुलासमोर ‘नळ’ हा दोन अक्षरांचा शब्द धरला तर ते ‘न नळाचा, ळ बाळातला’ म्हणून थांबते. अक्षरे दोन्ही ओळखली, शब्द वाचता आला नाही. मग पालक म्हणतात, मुलाचे लक्ष नाही. लक्ष असते. तक्त्याने जे शिकवले ते मुलाने चोख केले आहे. वाचायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. ते कसे शिकवावे हे सविस्तर लिहिण्यासाठी हे पत्र. आपल्या शहरात मूल घरी मराठी, अंगणात गुजराती आणि शाळेत बहुधा इंग्रजी ऐकते, त्यामुळे इथल्या पालकांना ते जरा अधिकच नीट समजून घ्यावे लागते.

आधी तक्त्यातल्या चित्रांविषयी. ‘ग’ शेजारी गाय, ‘म’ शेजारी मासा, ‘क’ शेजारी केळे, ‘ब’ शेजारी बाहुली अशी चित्रे बाजारातल्या किती तरी तक्त्यांत असतात. मोठ्या माणसाला त्यात काही खटकत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या कानाला मात्र गाय या शब्दात पहिला आवाज ‘गा’ ऐकू येतो, केळ्यात ‘के’, बाहुलीत ‘बा’. डोळ्यांना दिसते ते ‘ग’ आणि कानांना ऐकू येते ते ‘गा’, मग पुढे काना शिकवायला घेतला की सगळा गोंधळ. म्हणून चित्र असे निवडावे की शब्दाचे पहिले अक्षर बिनकान्यामात्रेचे असेल: ग गवताचा, म मक्याचा, क कपाचा, ब बदकाचा, न नळाचा, घ घराचा, प पतंगाचा, ड डब्याचा, ख खडूचा, ल लसणाचा, फ फणसाचा, त तबल्याचा, ट टरबुजाचा, छ छत्रीचा. ‘ग गणपतीचा’ म्हणणारे जुने तक्ते या बाबतीत बरोबर होते. वस्तू शक्यतो घरातली, मुलाने हाताळलेली असावी. क्षत्रिय आणि यज्ञ चार वर्षांच्या मुलाला दाखवून काय समजणार? ण आणि ळ यांनी मराठीत शब्द सुरूच होत नाही, तेव्हा ‘बाण’ आणि ‘नळ’ असे शब्दाच्या शेवटी ऐकवूनच ती शिकवावीत. ङ आणि ञ यांची पहिल्या दोन वर्षांत काहीच गरज नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपली वर्णमाला ही उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली अत्यंत सुंदर रचना आहे. क ख ग घ कंठातून, त थ द ध दातांजवळून. व्याकरण शिकताना तिच्यासारखी सोय नाही. पण नव्याने कान तयार करणाऱ्या मुलासाठी नेमके हेच अवघड पडते. ऐकायला सारखे असलेले आवाज शेजारीशेजारी येतात आणि क-ख, त-थ, ड-ढ यांची सरमिसळ होते. शिवाय क ख ग घ ङ शिकून एकही उपयोगाचा शब्द तयार होत नाही. वर्णमाला तोंडाने, गाण्यासारखी जरूर म्हणावी. वाचन शिकवण्याचा क्रम तिच्यावरून ठरवू नये. इंग्रजी फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचन शिकवण्याच्या, पुष्कळ पद्धतींतही एबीसीच्या क्रमाने जात नाहीत. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे आधी घेतात, कारण तेवढ्यांत बरेच लहान शब्द बनतात. तत्त्व तेच, फक्त अक्षरे आपली घ्यायची.

पहिला गट म, न, क, र आणि काना एवढाच ठेवावा. चार अक्षरे आणि एक खूण. यांतून मन, कर, कान, नाक, मान, काम, रान, मका, काका, मामा, नाना, करा, नमन, कमान असे चौदा शब्द होतात आणि ‘काका, काम करा’ हे वाक्यसुद्धा. दुसऱ्या गटात प, ल, ब, घ आणि दुसरी वेलांटी: घर, घार, पान, पाल, लाल, परी, पीक, पालक, बारीक, बकरी, काकी, मामी, मी. तिसऱ्यात स, ळ, आ, ई आणि एक मात्रा: आई, बाळ, नळ, मळा, माळ, केस, केळी, ससा, सकाळ, आरसा, आळस. रोज सराव असेल तर एका गटाला दोन ते तीन आठवडे लागतात. तीन गट झाले की मूल ‘आई आली’, ‘काकी, बकरी बघा’, ‘लाल पान’ असे स्वतः वाचते. सगळी वर्णमाला येण्याची वाट पाहत बसलेले मूल तोवर एक वाक्यही वाचत नाही.

गट बनवताना कोणती अक्षरे एकत्र येऊ द्यायची नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, ट-ठ, ड-इ, त-न, य-थ या जोड्यांतले एक अक्षर पक्के झाल्यावर, किमान दोन गट मध्ये जाऊ देऊन, मग दुसरे आणावे. ‘स’च्या पोटात ‘र’ दिसतो म्हणून तो पहिल्या गटात नाही, तिसऱ्यात आहे. ‘ख’ तर नवशिक्याला सरळ ‘रव’ दिसतो. तो बराच मागे ठेवावा.

आता खरी कसरत, अक्षरे जोडण्याची. ‘मन’ वाचताना मूल ‘म… न…’ असे तुटक म्हणते आणि मध्ये श्वास घेते. तो श्वास घेतला की जोड सुटलाच. इथे एक साधी युक्ती आहे. म, न, र, ल, स हे आवाज लांबवता येतात. क, प, ब, घ लांबवता येत नाहीत. म्हणून जोडणीचे पहिले शब्द लांबवता येणाऱ्या आवाजाने सुरू होणारे घ्यावेत: मन, रान, मान, नाक, लाल. बोट शब्दाखाली डावीकडून उजवीकडे न उचलता सरकवायचे आणि आवाज न तोडता ‘मऽऽन’ म्हणायचे. पहिल्यांदा सावकाश, दुसऱ्यांदा जरा पटकन, तिसऱ्यांदा बोलतो तसे. आधी शिकवणाऱ्याने, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने. आठवडाभर हेच करावे लागले तरी चालेल.

पुढची अडचण खास आपली आहे. आपण लिहितो ‘घर’, बोलतो ‘घर्’. शेवटच्या अक्षरातला अ बोलताना गळतो. शब्दाच्या मधलाही गळतो: लिहितो ‘मिरची’, बोलतो ‘मिर्ची’, लिहितो ‘करतो’, बोलतो ‘कर्तो’, ‘घसरण’ बोलताना ‘घस-रण’ होते. अक्षरन् अक्षर पूर्ण उच्चारायची सवय लागलेले मूल ‘घ-र-अ’ म्हणते आणि त्यातून ओळखीचा शब्द निघत नाही. नियम सांगून उपयोग नाही, त्या वयात तो कळत नाही. मुलाला विचारायचे, ‘असा कुठला शब्द आपण बोलतो?’ ते क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘घर!’ डोळ्यांनी वाचलेले आणि कानांनी ऐकलेले जुळवण्याची हीच क्रिया म्हणजे वाचन. आणि म्हणूनच जो शब्द मुलाने कधी ऐकलेला नाही तो सुरुवातीला वाचायला देऊ नये. जुळवून पाहायला त्याच्याजवळ काही नसते.

याचाच दुसरा अर्थ असा की वाचन कानापासून सुरू होते. कागदावर अक्षर यायच्या आधी दोन-तीन महिने नुसते ऐकण्याचे खेळ घ्यावेत. बा-ल-दी म्हणत तीन टाळ्या, पा-न म्हणत दोन. ‘पतंग, पणती, डबा’ यांत वेगळा कोण? ‘का’ने सुरू होणाऱ्या घरातल्या तीन वस्तू आणा. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, म्हणजे भेंड्याच. बडबडगीते म्हणताना यमकाचा शब्द गाळून तो मुलाला भरायला सांगावा. स्वयंपाक करताकरता, स्कूटरवर मागे बसवून जाताना हे होते, वेगळा वेळ लागत नाही. ज्या मुलाला टाळ्या वाजवून शब्द फोडता येत नाही त्याला तक्ता दाखवणे घाईचे आहे.

बाराखडीबद्दल थोडे कठोर लिहावे लागेल. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे, म्हणजे चारशे आठ. ती सुरात म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच एका घरावर बोट ठेवून विचारा, ‘हे काय?’ बहुतेक मुले मनात ‘क का कि की’ पासून म्हणत तिथपर्यंत येतात. ते पाठांतर आहे, ओळख नाही. चारशे आठ रूपे शिकवण्यापेक्षा खुणा शिकवाव्यात. काना आला की आलेल्या सगळ्या व्यंजनांना तो लावून पाहायचा: म-मा, न-ना, क-का, र-रा. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करने फक्त काना काढून ती पट्टी अक्षरकार्डांवर सरकवली तर मुलांना खेळ मिळतो आणि खूण अक्षरापासून वेगळी आहे हेही दिसते. खुणांचा क्रम काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, दुसरा उकार असा ठेवावा. ऱ्हस्व आधी आणि दीर्घ नंतर, असे का नाही? कारण आपल्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ असतात, आणि फूल, मूल, खीर, मीठ, दूध यांसारख्या लहान शब्दांतही दीर्घच येतात. लहान मुलाला लागणाऱ्या शब्दांत दीर्घ खुणा अधिक सापडतात. पहिल्या वेलांटीची आणखी एक खोड अशी की ती अक्षराच्या आधी काढतात आणि बोलतात नंतर. ‘दिवा’मध्ये डोळ्यांना आधी वेलांटी भेटते. दुसरी वेलांटी पक्की झाल्याशिवाय ती आणूच नये.

आता आपल्या बडोद्याचे प्रश्न. गुजराती माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाचे काम अर्धे झालेले असते, कारण दोन्ही लिप्यांची रचना एकच आहे: तेच काना-मात्रा, तीच जोडाक्षरांची पद्धत. ग, घ, न, प, म, र, व ही अक्षरे तर शिरोरेषा काढून टाकली की ओळखीचीच. नव्याने शिकवावी लागतात ती क, ख, ज, झ, फ, ब, अ, इ. म्हणून अशा मुलाला देवनागरी पहिल्यापासून, तक्त्यावरून शिकवणे म्हणजे वेळ घालवणे. आधी सारखी अक्षरे शिरोरेषेसह दाखवावीत, त्यांचे शब्द वाचू द्यावेत, आणि मग वेगळी अक्षरे दोन-दोन करून आणावीत. गुजराती अस्खलित वाचणारे दुसरी-तिसरीतले मूल रोज पंधरा मिनिटांनी दीड-दोन महिन्यांत सोपी मराठी पुस्तके वाचू लागते.

त्या मुलांच्या चुकाही ठरलेल्या असतात आणि त्यांची कारणे लिपीत आहेत. गुजरातीत शिरोरेषा नाही, म्हणून मूल ती शोभेची समजते आणि एका झटक्यात सरळ ओढते. पण देवनागरीत घ आणि ध, म आणि भ यांतला फरक दाखवण्यात रेषेतल्या त्या तुटलेल्या जागेचा मोठा वाटा आहे. सलग रेषा ओढली की ‘धर’चे ‘घर’ होते आणि ‘भात’चा ‘मात’. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर शेवटी काढावी, आणि ध, भ, थ आले की हात उचलावा, हे सुरुवातीलाच शिकवायचे. गुजरातीत ए हा अ वर मात्रा देऊन लिहितात, म्हणून ही मुले ‘एक’चे ‘अेक’ करतात. ज्ञ गुजरातीत ‘ग्न’च्या जवळचा, मराठीत ‘द्न्य’. यावर ओरडू नये, दोन भाषांतला फरक म्हणून सांगावे. मुलांना अशा गोष्टी आवडतात.

सर्वांत नाजूक प्रश्न च, ज, झ यांचा. गुजरातीत यांचा तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लागून होणारा, उच्चार तेवढाच आहे. मराठीत दोन आहेत आणि लिहायला अक्षर एकच. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, लिहायला सारखे, बोलायला निराळे. इ, ई, ए आणि य यांच्याआधी उच्चार नेहमी तालव्य: चिमणी, जेवण, झेंडा. इतरत्र शब्दागणिक लक्षात ठेवावे लागते: चाक, चूल, चोच, जाळे, झाड. बडोद्यात वाढलेली मुले ‘चाक’ आणि ‘झाड’ गुजराती च-झ ने म्हणतात, आणि ते साहजिक आहे. तक्त्यावरच्या ‘च’ला एकच चित्र देऊ नये, दोन द्यावीत: चहा आणि चमचा. मोठ्याने वाचून दाखवलेल्या पुस्तकांतून हा फरक कानात जातो, समजावून जात नाही.

इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या पालकांना एक विनंती. फोनिक्सच्या वर्गात ‘बी’ या अक्षराचा आवाज सुटा, स्वराशिवाय शिकवतात, कारण इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. सव्वीस अक्षरे आणि चव्वेचाळीसच्या आसपास आवाज. आपल्याकडे अक्षराचे नाव हाच त्याचा आवाज. तेव्हा मराठी शिकवताना चार वर्षांच्या मुलाकडून ‘क्’, ‘म्’, ‘ल्’ असे पाय मोडलेले उच्चार करून घेण्याची गरज नाही. मराठीचे एकक अक्षर आहे. पाय मोडलेला आवाज कान्या-मात्रांच्या वेळी आपोआप लक्षात येऊ लागतो आणि जोडाक्षरांच्या वेळी कामाला येतो. जोडाक्षरे दुसरीच्या आसपास घ्यावीत, आधी उभ्या दांड्याची (म्ह, स्त, ल्ल), मग बाकीची. र ची रूपे सर्वांत शेवटी. दर्या आणि दऱ्या यांतला फरक दुसरीतल्या मुलाला आला नाही तर काही बिघडत नाही.

आता चित्रपुस्तके. इथे पालकांची सर्वांत मोठी चूक होते ती म्हणजे एकाच पुस्तकाकडून दोन कामांची अपेक्षा करणे. वाचून दाखवायची पुस्तके आणि मुलाने स्वतः वाचायची पुस्तके या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्या जातीत भाषा कितीही समृद्ध असावी, जोडाक्षरे असोत, लांब वाक्ये असोत. ते मुलाच्या कानासाठी आहे. दुसऱ्या जातीत शिकवलेली अक्षरे सोडून एकही अक्षर नसावे. मराठीत पहिल्या जातीची उत्तम पुस्तके आहेत, दुसऱ्या जातीची फार थोडी. ‘अगदी सोपे’ म्हणून विकले जाणारे पुस्तक उघडावे तर पहिल्याच पानावर ‘त्याच्या’ आणि ‘म्हणाला’ असतात. पहिलीतले मूल तिथेच अडते.

वाचून दाखवताना मुखपृष्ठापासून सुरुवात करावी, आत काय असेल ते मुलाला सांगू द्यावे. मग मजकूर न वाचता नुसती चित्रे पालटावीत. दुसऱ्या खेपेला मजकूर, बोट ओळीखाली सरकवत. पानोपानी प्रश्न नकोत, पूर्ण पुस्तकात तीन-चार पुरे, आणि ‘हे काय आहे?’ पेक्षा ‘हिला आता काय वाटत असेल?’ असे. तेच पुस्तक आठवडाभर रोज वाचावे. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. चौथ्या-पाचव्या वाचनाला मूल ओळी स्वतः म्हणू लागते आणि शब्दांवर बोट ठेवू लागते. मोठ्यांचे वाचणे शक्य तेवढे बोलल्यासारखे असावे, म्हणजे शेवटचा अ कुठे गळतो हे मूल ऐकते.

स्वतः वाचताना मात्र चित्र घात करू शकते. पानावर लिहिलेले असते ‘पाल’, चित्र बघून मूल म्हणते ‘भिंत’. अक्षरे न बघता चित्रावरून अंदाज बांधण्याची सवय लागली तर तिसरीत, चित्रे कमी झाल्यावर, वाचन ढासळते. उपाय सोपा: चित्रावर पोस्टकार्डाएवढा कागद ठेवावा, शब्द वाचू द्यावा, मग कागद उचलून चित्राने खात्री करू द्यावी. चित्र उत्तर तपासण्यासाठी आहे, शोधण्यासाठी नाही.

दुसऱ्या जातीचे पुस्तक घरीच करता येते. ए-फोर आकाराचे दोन कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे, घडीवर दोन स्टेपल मारायचे, आठ पाने होतात. पहिले मुखपृष्ठ, शेवटचे कोरे, मधली सहा मजकुराची. वरच्या तीन गटांत बसणारे एक पुस्तक असे: ‘सकाळ.’ ‘आई आली.’ ‘बकरी आली.’ ‘आई, केळी!’ ‘बकरी, पाला!’ ‘बाळ, केळे!’ अक्षरे अंगठ्याच्या पेराएवढी, ठळक, काळी. ओळ पानाच्या खालच्या भागात आणि चित्रावर छापलेली नको, कारण रंगीत पार्श्वभूमीवर मात्रा आणि अनुस्वार हरवतात. शब्दांत दोन बोटांचे अंतर. चित्र मुलानेच काढावे, म्हणजे पुस्तक त्याचे होते. महिन्याला अशी चार केली तरी वर्षअखेर घरात मोठा संग्रह होईल.

विकत न घेता पुस्तके मिळवायची तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेली चित्रपुस्तके फुकट आहेत, छापून घेण्याची मुभा आहे, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत नि गुजरातीतही. बडोद्याच्या मुलासाठी तीच गोष्ट दोन्ही लिप्यांत शेजारीशेजारी ठेवणे हा फार उपयोगी प्रकार आहे.

लिहिण्याची घाई नको. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवून घेणे थांबवले पाहिजे. बोटांत अजून जोर आलेला नसतो, आणि सर्वांत अवघड वळणाचे अक्षर आपण पहिले देतो. त्याऐवजी १२० नंबरच्या काचकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवावीत, बोट त्यावरून फिरवत आवाज म्हणायचा. मग ताटात रव्याचा पातळ थर देऊन त्यात बोटाने. खरखरीत अक्षरांची ही रीत इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसोरी यांची. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षण या भूमीत रुजवले, आणि ताराबाईंनी ते पुढे बोर्डी-कोसबाडला नेले. एक मराठी बाई गुजरातेत राहून हे करून गेल्या, आणि आपल्या बालवाड्यांत आजही पाच-पाच पाने ‘अ’ काढायला लावतात, याचे वाईट वाटते.

रोज वीस मिनिटे पुरेत: पाच ऐकण्याच्या खेळांना, सात अक्षरे आणि शब्दांना, आठ पुस्तकाला. रविवारी तासभर बसवून भरपाई होत नाही. वेगाचीही चिंता लवकर करू नये. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या, केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट आहे. ते ठीक आहे, पण मराठीत ‘शाळेतल्यासारखे’ हा एकच शब्द होतो; हिंदीत त्याचे दोन-तीन होतात. नुसते शब्द मोजून मुलाला मंद ठरवू नये. कन्नडच्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या २००७ मधील संशोधनात दिसले की आपल्यासारख्या अक्षर-लिपीत सगळी अक्षररूपे हाती यायला मुलांना चौथीच्या आसपास जावे लागते. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांच्या मापाने आपल्या मुलांना मोजणे अन्याय आहे. मात्र दुसरी संपत आली तरी दोन अक्षरे जोडता येत नसतील, किंवा सारखी दिसणारी अक्षरे सतत उलटसुलट होत असतील, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत आणि मग वाचन-अडचणींच्या जाणकाराला दाखवावे. ‘येईल आपोआप’ म्हणून थांबू नये.

या शहरात हे मागणे जरा हक्कानेच मागता येते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. मग शिकलेल्यांच्या हाती पुस्तक नसेल तर शिक्षण विरून जाईल हे ओळखून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावले. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरली. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे. तिथे आणि शहरातल्या मराठी मंडळांच्या वाचनालयांत तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी एकेक फडताळ असावे, मुलाच्या छातीएवढ्या उंचीचे, पुस्तकांचे कणे नव्हे तर मुखपृष्ठे समोर दिसतील असे, आणि दोन जातींच्या पुस्तकांना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या: वाचून दाखवायच्या निळ्या, स्वतः वाचायच्या पिवळ्या. शंभर पुस्तकांनी सुरुवात होते. पाने फाटतील, ती चिकटवावीत; फाटतील म्हणून कपाटाला कुलूप लावू नये.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एकच मागणे आहे. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी दोन कॉलम रुंदीची एक चौकट द्यावी. त्यात पहिले बारा आठवडे फक्त वरच्या तीन गटांतली अक्षरे असावीत, आठवड्याला चार ओळी, प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त चार शब्द, टंक २४ पॉइंटांहून लहान नको, शिरोरेषा आणि मात्रा स्पष्ट उठतील असा. शेजारी एक रेखाचित्र, रंग मुलाने भरायचे. चौकटीखाली बारीक टाइपात पालकांसाठी एक ओळ, त्या आठवड्याचा ऐकण्याचा खेळ सांगणारी. मजकूर आम्ही तयार करून देऊ. पहिल्या आठवड्यासाठी, फक्त पहिल्या गटातल्या चार अक्षरांत आणि कान्यात बसणाऱ्या, या ओळी सोबत पाठवत आहोत:

काका, काम करा.
मामा, मका.
नाना, कान.
रमा, नाक.

आपल्या,
बालवाचनाचे काम करणाऱ्या काही शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे